कागदाएवढा थर

जेवणाच्या टेबलाला फवारायच्या गनने पीयू, म्हणजे पॉलियुरेथेनचं पॉलिश, मारलं, लाकडाची भोकं भरणारे खालचे सीलरचे हात आणि वरचे टॉपकोटचे हात नीट बसले, मधली घासाई झाली आणि सगळं वाळून तयार झालं, की लाकडावर उरलेला थर साधारण प्रिंटरमध्ये घालतो त्या कागदाएवढा असतो. मिलिमीटरचा दहावा भाग, कधी त्याहून थोडा जास्त. पुढची दहा-पंधरा वर्षं एवढ्याशा जाडीवर आमटीची वाटी उपडी होणार, हळदीचे हात टेकणार, कोकमाचं आगळ सांडणार, चहाचा कप बशीशिवाय ठेवला जाणार, मुलं कंपासपेटीतलं कर्कटक फिरवणार. खालचं सागवान या सगळ्यातून सुखरूप राहिलं तर आपण म्हणतो, टेबल चांगलं निघालं. त्यातलं निम्मं श्रेय त्या थराचं आणि तो मारणाऱ्या माणसाचं असतं.

कुडाळला आमचं फर्निचरचं छोटं वर्कशॉप आहे. वडिलांनी सुरू केलेलं, आता मी बघते. सुतारकामाबद्दल लोक प्रेमाने बोलतात याचा मला आनंद आहे. सांधे किती घट्ट बसलेत ते बघतात, रंधा मारलेल्या फळीवरून हात फिरवतात, सागवान बल्लारशाहकडचं की बाहेरदेशचं हे खोदून विचारतात. पॉलिशचा मात्र फक्त दर विचारतात. चौरस फुटाला किती, आणि किती दिवसांत देणार. घरभरणीची तारीख ठरलेली असते, पत्रिका वाटून झालेल्या असतात, आणि सुतारकामात गेलेला सगळा उशीर पॉलिशच्या दिवसांतून कापून घ्यायचा असतो. वर प्रत्येकाला पॉलिश टिकाऊच हवं असतं.

टिकाऊपणा डब्यात भरून येत नाही, हे मला त्या प्रत्येकाला सांगावंसं वाटतं. तो थांबण्यातून येतो. आणि गनने मारलेल्या पॉलिशच्या बाबतीत तो थोडासा मारणाऱ्याच्या छातीतूनही येतो. बिलात या दोन्हींचा उल्लेख नसतो.

आमच्याकडे गन यायच्या आधी चपडा होता. आमचे पॉलिशवाले मेस्त्रीकाका वडिलांच्या वेळेपासूनचे. आदल्या संध्याकाळी ते बरणीत स्पिरिट घेऊन त्यात चपड्याचे तांबूस-पिवळे पापुद्रे भिजत टाकत, लिटरला साधारण दीडशे-दोनशे ग्रॅम. सकाळी ते फडक्यातून गाळायचं. मग कापसाचा बोळा, त्यावर जुन्या धोतराचं धुऊन धुऊन मऊ झालेलं फडकं, आणि हात आधी गोल, मग इंग्रजी आठाच्या आकारात, शेवटी लाकडाच्या रेषेच्या दिशेने. बोळा लाकडावर थांबवायचा नाही. थांबला की तिथे डाग. चपडा म्हणजे लाखेच्या किड्याने पळस, बोर, कुसुम अशा झाडांच्या फांद्यांवर सोडलेली राळ, गाळून आणि ताणून केलेली. गोंदियाकडे पळसावर लाख धरतात. रांचीजवळ नामकुमला १९२४ साली लाखेच्या अभ्यासासाठी संस्था निघाली, इतकं हे पीक एकेकाळी महत्त्वाचं होतं. आमच्या शेजारच्या सावंतवाडीतल्या गंजिफांवरही लाखेचाच हात असतो.

चपड्याच्या पॉलिशला जी खोली असते ती मला अजून कुठल्याही डब्यात सापडलेली नाही. उजेड लाकडात उतरतो आणि आतून परत येतो असं वाटतं. पण त्याचं दुखणंही उघड आहे. गरम कप ठेवला की पांढरं वर्तुळ उमटतं, कारण चपडा साधारण ७५ अंशांना मऊ होऊन वितळायला लागतो. आणि जो स्पिरिटमध्ये विरघळवून लावला तो स्पिरिट सांडलं की पुन्हा विरघळतो. २०२० मध्ये घरोघर दाराजवळच्या टीपॉयवर सॅनिटायझरची बाटली आली, आणि वर्षानुवर्षं जपलेल्या फ्रेंच पॉलिशवर, म्हणजे याच चपड्याच्या पॉलिशवर, बाटलीच्या बुडाएवढे गोल चट्टे पडले. त्या काळात आम्हाला जितके फोन आले त्यातले बहुतेक याच चट्ट्यांचे होते. आणि त्यातले बहुतेक चट्टे काकांनी गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन, बोळा आणि छोटी बाटली एवढ्यावर, बसल्या बैठकीत घालवले. नवा चपडा जुन्याला थोडा विरघळवतो, दोन्ही एक होतात, जोड दिसत नाही.

हे लक्षात ठेवायला हवं, कारण पुढची सगळी निवड यावरच ठरते.

गनची गोष्ट एका डॉक्टरपासून सुरू होते. अमेरिकेत ओहायो राज्यातल्या टोलेडो शहरात अॅलन डेव्हिलबिस नावाचे घशाचे डॉक्टर होते. रुग्णाच्या घशात औषध खोलवर पोचावं म्हणून त्यांनी १८८० च्या दशकात औषधाचा बारीक फवारा उडवणारं उपकरण बनवलं. त्यांचा मुलगा थॉमस याने तेच तत्त्व घेऊन १९०७ च्या सुमारास रंग फवारायची गन तयार केली. औषध श्वासातून आत पोचवण्याची युक्ती रंगाचं धुकं करायला वापरली गेली, आणि ते धुकंही श्वासातून तितकंच आत पोचतं. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हापासून डोक्यातून गेलेलं नाही.

पुढे १९२३ साली ड्युपाँट कंपनीने ड्युको नावाचा नायट्रोसेल्युलोज लॅकर आणला आणि १९२४ मध्ये तो जनरल मोटर्सच्या ओकलंड गाड्यांवर चढला. त्याआधी गाडीचं रंगकाम आठवडेच्या आठवडे चाले; हा लॅकर तासाभरात हात लावण्याजोगा वाळे. इतक्या भराभर वाळणाऱ्या रंगावर ब्रश चालत नाही. दुसरा पट्टा ओढेपर्यंत पहिला चिकट झालेला असतो. त्यामुळे लॅकर जिथे गेला तिथे गनही गेली, गाड्यांच्या कारखान्यातून फर्निचरच्या कारखान्यात, तिथून आपल्या ओशिवऱ्याच्या आणि उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात. सुतार आजही लाकूड पूर्ण झाकणाऱ्या कुठल्याही फवारलेल्या रंगाला ड्युको म्हणतात, डब्यात काही का असेना. त्यानंतर मेलामाइन नावाचं पॉलिश आलं, आणि मग पीयू. त्याचं मूळ रसायन १९३७ साली जर्मनीत लेव्हरकुसेनला ऑटो बायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोधलं होतं.

चपडा आणि लॅकर फक्त वाळतात. पातळ करणारा द्राव उडून जातो, राळ मागे राहते, द्राव परत आला की ती पुन्हा विरघळते. पीयूमध्ये दोन डबे असतात, एक बेस आणि एक हार्डनर. ते एकत्र केले की त्यांचे रेणू एकमेकांना धरायला लागतात आणि सगळ्या थराचं एक सलग जाळं होतं. एकदा ते विणलं गेलं की थिनर, स्पिरिट, गरम कप, लिंबू, काही त्याला सोडवू शकत नाही. हळदीचा डागसुद्धा लगेच पुसला तर बसत नाही. पीयू टिकतं ते या जाळ्यामुळे.

जाळं मात्र पूर्ण विणलं जायला हवं, आणि तिथेच बाजारात गडबड होते. बेस आणि हार्डनरचं प्रमाण डब्यावर लिहिलेलं असतं, कुठे दोनास एक, कुठे दहास एक. ते मोजायचं असतं, अंदाजाने ओतायचं नसतं. हार्डनर जास्त घातला की लवकर वाळेल असा एक समज आहे. प्रत्यक्षात थर ठिसूळ होतो. आणि थिनर. पीयूचं थिनर महाग, साधं एनसी, म्हणजे नायट्रोसेल्युलोज लॅकरचं, थिनर स्वस्त, दिसायला दोन्ही पाण्यासारखी. साध्या थिनरमध्ये अल्कोहोल असतं. पीयूच्या हार्डनरला ते अल्कोहोल बेसइतकंच जवळचं वाटतं, तो त्याच्याशी जोडला जातो आणि जाळं अर्धवट राहतं. टेबल छान चमकतं, दिलेल्या तारखेला घरी जातं, पैसे मिळतात. मग मे महिन्यात जेवणाच्या ताटाखालचा मॅट टेबलाला चिकटून बसतो आणि गिऱ्हाईक म्हणतं, पीयूमध्ये काही राम नाही. पीयूने काही वाईट केलेलं नसतं. लिटरमागे थोडे पैसे वाचवण्यासाठी कुणीतरी त्याला अर्ध्यावर थांबवलेलं असतं.

गन हातात घ्यायच्या आधी जे होतं त्यावर थर उभा राहतो. कच्चं लाकूड १२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासायचं, मग १८० ने, आणि कायम रेषेच्या दिशेने. आडवा ओरखडा कोरड्या लाकडावर दिसत नाही. लाकडाला रंग देणारा डाय आणि सीलर गेला की तो गडद होऊन वर येतो, आणि मग तो काढायला पुन्हा मुळापर्यंत जावं लागतं. फार निसरडंही करायचं नाही, कारण सीलरला धरायला काहीतरी लागतं. सागवानाला स्वतःचं तेल असतं, शिसवीला त्याहून जास्त. त्या तेलावर थर नीट धरत नाही, कधी नीट पक्काही होत नाही. म्हणून अगदी मारायच्या आधी थिनरच्या फडक्याने पुसायचं, ते उडालं की लगेच पहिला हात द्यायचा. जेवून येऊन मारू म्हटलं की आतलं तेल पुन्हा वर आलेलं असतं.

सागवानाची भोकं मोठी. ती उघडी ठेवायची की भरायची, हे आधी ठरवावं लागतं. मला उघडी आवडतात. लाकडाला हात लावल्यावर लाकूडच लागतं. पण जेवणाच्या टेबलावर त्या भोकांत पीठ बसतं, हळद बसते, आणि वर्षभरात ती पिवळी दिसायला लागतात. तिथे भरणंच बरं. भरायचं म्हणजे सीलरचा हात, तो वाळला की ३२० ने घासणं, पांढरा भुगा पुसणं, ट्यूबलाइटकडे तिरकं बघून कुठे खड्डा चमकतोय ते शोधणं, आणि पुन्हा सीलर. वरच्या हातांच्या मध्येही घासणं चुकत नाही. लॅकरचा दुसरा हात पहिल्यात विरघळून मिसळतो. पीयूचा पहिला हात एकदा पक्का झाला की दुसऱ्याला आत घेत नाही. त्याला बारीक ओरखडे देऊन धरायला जागा करून द्यावी लागते. हे घासणं टाळलं की दोन-तीन वर्षांनी कडेने पापुद्रा सुटतो. पॉलिशच्या कामातला फार मोठा वेळ या घासण्यात जातो, आणि दिवस कमी पडले की पहिल्यांदा तोच कापला जातो, कारण तो दिसत नाही.

आणि मग हवा. सिंधुदुर्गात वर्षाला ३००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, आणि त्यातला बहुतेक सगळा जून ते सप्टेंबर. या चार महिन्यांत आमच्याकडे गन भिंतीला लटकलेली असते. नव्याने ऑर्डर देणाऱ्याला हे पटत नाही. छप्पर आहे, भिंती आहेत, पाऊस आत येत नाही, मग अडचण काय? अडचण दिसत नाही अशा पाण्याची आहे. लॅकर किंवा चपडा फवारला की त्यातलं थिनर झपाट्याने उडतं. उडताना ते उष्णता घेऊन जातं आणि थर आजूबाजूच्या हवेपेक्षा थंड पडतो. हवेत आधीच पाणी भरलेलं असेल तर ते त्या थंड थरावर दवासारखं जमतं आणि आत अडकतं. गडद शिसवी रंगाच्या कपाटावर बघता बघता दुधाळ पडदा येतो. पॉलिशवाले म्हणतात, पांढरं धरलं. सावकाश उडणारं थिनर घालून तो कधी कधी घालवता येतो, पण भर जुलैत एका मर्यादेपुढे कुठलंच थिनर पुरत नाही.

पीयूचं पावसाळ्यातलं वागणं निराळं. त्याचा हार्डनर पाण्याशीही जोडला जातो, आणि त्या जोडणीतून कार्बन डायऑक्साइड निघतो. थरात टाचणीच्या टोकाहून बारीक बुडबुडे अडकतात. लांबून सगळं ठीक दिसतं. जवळ जाऊन उजेडात बघितलं की पृष्ठभागावर बारीक बारीक भोकं. कंप्रेसरमधूनही पाणी येतं. हवा दाबून टाकीत भरली की तिच्यातली ओल टाकीच्या बुडाशी साठते, आणि तिथून नळीवाटे गनपर्यंत पोचते. टाकीचा खालचा नळ सकाळी उघडून पाणी काढणं हे आमच्याकडे दार उघडण्याइतकं ठरलेलं काम आहे, दमट दिवसांत दुपारीही. कंप्रेसरचं तेल हवेबरोबर आलं तर त्याहून वाईट. थर जागोजागी गोल फाकतो आणि मधे लाकूड उघडं राहतं.

मेस्त्रीकाकांना हे सगळं कुठल्या पुस्तकातून कळलेलं नाही. ते सकाळी वर्कशॉपच्या दारात उभे राहतात, मीठ घातलेल्या बरणीचं झाकण काढून बघतात, भुश्याची मूठ दाबून सोडतात. मी भिंतीवर आर्द्रता दाखवणारं घड्याळ लावलं आहे आणि त्याच्या आकड्यावर माझा विश्वास आहे. पण काकांचं आणि त्या घड्याळाचं भांडण झालेलं मी फारसं पाहिलेलं नाही. एका ऑक्टोबरात, वरून ऊन स्वच्छ पडलेलं असताना, त्यांनी गनला हात लावला नाही. "आज गन नको गो. हवा भिजलेली आसा." मी गिऱ्हाइकाच्या तारखेची आठवण करून दिली. तर म्हणाले, "घाई कोणाक आसा? तुका की टेबलाक?" दुपारी तीनला ढग आले आणि परतीचा पाऊस धो धो कोसळला.

सगळ्या जगात ओल ही पॉलिशची वैरीण नाही, हेही इथे सांगावंसं वाटतं. जपानमध्ये उरुशी झाडाच्या चिकापासून जे लॅकर करतात, त्याला पक्कं व्हायला दमट हवाच लागते. ते कारागीर भांडी मुद्दाम ओलसर कपाटात ठेवतात. आमच्या पावसाळ्याला साजेसं असं काहीतरी आपल्या झाडांत आहे का, हा विचार जुलैच्या रिकाम्या दिवसांत माझ्या मनात नेहमी येतो.

हवा चांगली, लाकूड तयार, घुसळलेलं पीयू गाळून कपात भरलं, की प्रत्यक्ष मारायचं काम काही मिनिटांचं. ती मिनिटं बघायला मला अजूनही आवडतं. काका आधी पुठ्ठ्यावर एक फवारा मारतात. उभ्या लांबट पट्ट्याच्या दोन्ही टोकांना आणि मध्ये थेंब सारखे पडायला हवेत. मध्ये जास्त असेल तर हवा वाढवायची, टोकांना जास्त असेल तर कमी करायची. गन लाकडापासून सहा ते आठ इंच, आणि सबंध फळीभर तेवढीच. इथे शिकाऊ मुलाचा हात फसतो, कारण तो मनगट फिरवतो. मनगट फिरलं की गन कमानीत फिरते, मधे जवळ आणि टोकांना लांब, म्हणजे मधे ओघळ आणि टोकांना कोरडी खरखर. हात खांद्यातून सरकायला हवा, आणि त्याच्याबरोबर पायही. चाप फळी सुरू व्हायच्या आधी हवेत दाबायचा आणि फळी संपल्यावर हवेत सोडायचा. दुसरा पट्टा पहिल्यावर अर्धा चढवायचा. आधी कडा, मग खालची बाजू, सगळ्यात शेवटी वरचा माथा.

जास्त लांबून मारलं तर थेंब लाकडापर्यंत पोचेपर्यंत अर्धे वाळतात आणि पृष्ठभाग पॉलिश पेपरसारखा लागतो. पीयू फार दाट किंवा हवा फार कमी असेल तर थेंब नीट फुटत नाहीत, पसरत नाहीत, आणि थरावर संत्र्याच्या सालीसारखा खडबडीतपणा उठतो. दाटपणा बघायला फोर्ड कप नावाचं बुडाला भोक असलेलं छोटं भांडं मिळतं. ते भरायचं आणि रिकामं व्हायला किती सेकंद लागतात ते मोजायचं. लॅकर असेल तर वीस सेकंदांच्या आसपास. काका लाकडी काडी बुडवून वर धरतात आणि धार तुटून थेंब कधी पडायला लागतात ते बघतात. मी दोन्ही पडताळून पाहिलं आहे, उत्तर तेच येतं.

मारून झालं की खोलीबाहेर जायचं आणि दार लावून घ्यायचं. पहिल्या वीस मिनिटांत जो थर ओला असतो त्यावर एक चिलटसुद्धा कायमचं बसतं. दुसऱ्या हातापर्यंत काही तास, घरी नेण्याइतकं व्हायला एक-दोन दिवस, आणि पूर्ण पक्कं व्हायला साधारण आठवडा. हा आठवडा मी गिऱ्हाइकाकडे भांडून मागून घेते. हाताला कोरडं लागणारं टेबल आतून अजून विणलं जात असतं. त्यावर त्याच रात्री कुकर ठेवला तर पुढची पंधरा वर्षं त्याचा गोल दिसणार.

एक विनंती टेबल घरी गेल्यानंतरची. आपल्याकडे नवं टेबल आलं की त्यावर जाड पारदर्शक प्लॅस्टिक अंथरायची पद्धत आहे. पॉलिश खराब होऊ नये म्हणूनच अंथरतात, माया असते त्यात. पण ते प्लॅस्टिक मऊ राहावं म्हणून त्यात जे तेलकट रसायन घातलेलं असतं, ते हळूहळू खालच्या थरात झिरपतं. लॅकर आणि चपडा त्याने मऊ होतात, प्लॅस्टिक चिकटतं, आणि काढताना पॉलिश सोबत येतं. सुती कापड घाला. नाहीतर काहीच घालू नका आणि टेबल वापरा.

पीयू सगळ्याला मारावं असं मला वाटत नाही. जेवणाचं टेबल, स्वयंपाकघरातले शटर, मुलांचं अभ्यासाचं टेबल, बेसिनखालचं कपाट, इथे त्याला पर्याय नाही. पण त्याच्यावर खोल ओरखडा पडला तर बोळा घेऊन बसून तो मिटवता येत नाही. नवा थर जुन्यात मिसळत नाही, ठिगळाची कड दिसते, म्हणून सबंध फळी घासून पुन्हा मारावी लागते. न विरघळण्याची ही दुसरी बाजू. म्हणून आजीची शिसवी खुर्ची, मुंबईच्या चोरबाजारातून आणलेलं कोरीवकामाचं जुनं ब्लॅकवुडचं फर्निचर, घरातला देव्हारा अशा वस्तू पीयूसाठी कुणी घेऊन आलं तर मी काकांना आतून चपड्याची बरणी काढायला सांगते. ज्या वस्तू शंभर वर्षं राहायच्या आहेत त्यांना पुन्हा पुन्हा दुरुस्त होणारं पॉलिश हवं. कोरीव नक्षीत पीयू साचतं आणि तिची धार बुजते, हे दुसरं कारण.

आता छातीबद्दल. पीयूच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. हे नाव ऐकलं की १९८४ चं भोपाळ आठवतं. तिथला वायू मिथिल आयसोसायनेट होता; हार्डनरमधलं रसायन त्याच कुळातलं असलं तरी वेगळं आहे, जड रेणूंचं, सहजासहजी न उडणारं. डब्यात ते शांत असतं. गन त्याचे इतके बारीक थेंब करते की ते श्वासाबरोबर फुप्फुसात खोलवर जातात. काही माणसांचं शरीर त्याला एकदा बिथरलं की कायमचं बिथरतं, आणि मग नुसत्या लांबून आलेल्या फवाऱ्यानेही दम लागतो. वासावर विसंबून चालत नाही, कारण घातक ठरेल इतकं असूनही ते वासाने कळत नाही. ब्रिटनमध्ये गाड्यांना दोन डब्यांचा रंग मारणाऱ्यांना बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मास्क घालावा लागतो. मेलामाइनमधून वाळताना फॉर्माल्डिहाइड निघतं, डोळे चुरचुरतात आणि घसा धरतो. शिवाय सगळ्याच थिनरची वाफ हवेहून जड, जमिनीलगत साठणारी. दाराबाहेर पेटलेली बिडीसुद्धा तिला पुरते.

मागे ठाण्यात एका नातेवाइकांच्या इमारतीत गेले होते. वरच्या मजल्यावर फ्लॅटचं काम चाललं होतं. धूळ बसू नये म्हणून खिडक्यांना टेपने प्लॅस्टिक लावलेलं, आत दोन मुलं कपाटाच्या शटरवर पीयू मारत होती, तोंडाला साधा रुमाल. रुमालाने धूळ अडते, वाफ अडत नाही, आणि इतके बारीक थेंबही अडत नाहीत. काम मात्र सुरेख करत होती. एकसारखा हात, कुठे ओघळ नाही. मी त्यांच्याशी बोलले तेव्हा त्यातला मोठा म्हणाला, संध्याकाळी छाती भरते, पण गूळ खाल्ला की मोकळी होते. वय तिशीच्या आत. खाली वासाबद्दल सोसायटीकडे तक्रार गेली होती. शेजाऱ्यांना त्रास होत होता हे खरं होतं. त्या दोघांबद्दल तक्रार करणारं कुणी नव्हतं, आणि ते शटर उघडून त्यात साड्या ठेवणाऱ्यांनाही कधी काही कळणार नव्हतं.

याला उपाय नाही असं नाही. कमी दाबाच्या, एचव्हीएलपी म्हणतात त्या गनमध्ये हवेचा दाब टोपीपाशी दहा पीएसआयच्या आत असतो. माल लाकडावर जास्त बसतो, हवेत कमी उडतो. जुन्या पद्धतीच्या गनमध्ये निम्म्याहून जास्त पीयू धुकं होऊन वाया जातं, म्हणजे ही गन मालाचे पैसेही वाचवते. शटर काढून वर्कशॉपमध्ये नेऊन, बाहेर हवा फेकणाऱ्या पंख्यापुढे मारता येतात. जागेवर फक्त चौकटी राहतात. पाण्यावरचं पीयूही आता मिळतं. ते लाकडाचे केस उभे करतं म्हणून एक घासाई वाढते, आणि कोकणात ते सावकाश वाळतं. तरी बंद खोलीतच मारायचं असेल तर मी तेच सुचवते. आणि निदान बाष्पासाठीची काडतुसं आणि पुढे धुक्यासाठीचा फिल्टर असलेला, चेहऱ्याला घट्ट बसणारा मास्क. ती काडतुसं बदलावी लागतात. वास आत येईपर्यंत थांबायचं नसतं. दिवस लिहून ठेवायचे आणि दिवस भरले की टाकून द्यायची.

काकांना सुरुवातीला मास्क सहन होत नव्हता. घाम यायचा, चष्म्यावर वाफ धरायची. आता घालतात, पण त्यांची छाती आधीच्या वर्षांची आहे. पावसाळ्यात खोकला येतो आणि डॉक्टर पॉलिशचं काम कमी करा म्हणतात. गन हल्ली बहुतेक वेळा त्यांचा पुतण्या धरतो. काका काचेपलीकडून बघतात आणि खुणेने सांगतात, हात सावकाश.

आमच्या कोटेशनमध्ये आता पॉलिशची एकच ओळ नसते. घासाईचे दिवस वेगळे, माल वेगळा, पक्कं होण्याचा आठवडा लिहिलेला, आणि शेवटी एक ओळ मास्कच्या काडतुसांची आणि पंख्याच्या फिल्टरची. रक्कम फार नाही, एका चांगल्या बिजागरीच्या जोडीएवढी. काही गिऱ्हाइकं त्या ओळीवर बोट ठेवून विचारतात, हे काय? मी सांगते. बहुतेकांना पटतं, आणि काहींनी तर आपल्या मुंबईतल्या इंटिरियरवाल्याला तेच विचारलं. ज्यांना ती ओळ कापायचीच असते त्यांना मी पीयू देत नाही. चपड्याचं पॉलिश दाखवते, त्यावर गरम कप ठेवू नका म्हणून सांगते, आणि चट्टा पडला तर काका येऊन काढून देतील असंही.